किती उरते, की किती हात खोल?

नीरा आणि भीमा यांचा संगम होतो ते नरसिंहपूर इंदापूर तालुक्यात, पुणे जिल्ह्याच्या पार आग्नेय टोकाला आहे. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. पेशवाईत विंचूरकर घराण्याने बांधवलेल्या लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळासाठी लांबलांबून लोक इथे येतात. कित्येक घराण्यांचे हे कुलदैवत. देवाची कथा येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. हिरण्यकशिपूने वर मागताना यादीच दिली होती. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, घराबाहेर नको. यादी भरगच्च होती, पण तिच्यात उंबरठा राहून गेला आणि तिन्हीसांज राहून गेली. कचेरीत बसून फॉर्म आणि तक्ते तयार करणाऱ्या प्रत्येकाने ही कथा एकदा वेगळ्या कानांनी ऐकावी, असे मला नेहमी वाटते.

नेमके काय विचारायचे आणि काय वगळायचे, याचा मोठा धडा याच तालुक्यात एकदा गिरवला गेला. साल १८३५. त्या धड्याची निशाणी आजही महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक सातबाऱ्यावर सापडते. त्याला कोणी धडा म्हटले नाही, प्रयोगही म्हटले नाही. शेतसारा वसूल होईना म्हणून केलेली ती सरकारी डागडुजी होती.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. कोणत्या शेतावर किती सारा बसवायचा, हा पहिला पेच. जुने दफ्तर होते, पण बिघा, चाहूर ही मापे गावोगाव वेगळी, आणि कमाल आकार कागदावर एक तर वसूल दुसराच. हा गुंता सोडवण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल हुशार होता. कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात तो शिकला होता. माल्थस तिथे अर्थशास्त्र शिकवत. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्या वेळी नवा आणि फार मानाचा होता. जमिनीच्या उत्पन्नातून मजुरी, बी-बियाणे, बैल, अवजारे आणि शेतकऱ्याचा रास्त नफा वजा केल्यावर जे उरते तोच खरा खंड, असे तो सिद्धान्त सांगतो. प्रिंगलने तेच सूत्र उचलले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पुणे जिल्ह्यात मोजणी केली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याच्या ५५ टक्के हा सरकारचा वाटा ठरवला.

कागदावर हे अगदी न्याय्य दिसते. ज्याला जास्त उरते त्याने जास्त द्यावे, यात वावगे काय? वावगे प्रश्नातच होते. शेतकऱ्याला विचारायचे काय, तर तुला किती उरते? बैलजोडी किती वर्षे चालते, तिच्या वैरणीचा खर्च या शेतावर किती आणि त्या शेतावर किती, बायकोपोरांनी खुरपले त्याची मजुरी कशी धरायची, दुष्काळाच्या सालाचे आणि सुकाळाच्या सालाचे सरासरी पीक किती? याचा हिशेब ज्याने कधी मांडलेला नाही त्याला तो विचारायचा, आणि वर हेही ठाऊक की जितके जास्त सांगशील तितका सारा जास्त. ज्वारीचे पोते घरात आले की त्यातून बलुत्यांचे द्यायचे, सावकाराचे द्यायचे, उरलेले खायचे. निव्वळ उत्पन्न नावाची गोष्ट त्या घरात वेगळी कधी उभीच राहिलेली नसते. मग उत्तर कोण देणार? मोजणीचा कारकून देणार. तो आकडा खरा की खोटा हे ताडून पाहायला साहेबाकडे काही साधन नव्हते. म्हणून आकड्यांचा बाजार झाला. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन कागदावर हलकी झाली आणि ज्याने केले नाहीत त्याचा माळ कागदावर सुपीक झाला.

त्यात १८३० नंतर धान्याचे भाव पडले. आकारणी डोईजड झाली. वसुलीत बळजबरी झाली, सूट द्यावी लागली, तरी शेते पडीक पडत गेली आणि माणसे गाव सोडून जाऊ लागली. इंदापूर हा मुळात अवर्षणाचा तालुका. तिथे ही पडझड ठळक दिसली.

तिथे १८३५ मध्ये हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा विशीतला मुलकी अधिकारी आणि बॉम्बे इंजिनिअर्समधला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हे दोघे कामाला लागले. प्रिंगलची मोजणी दुरुस्त करता येते का, हे आधी पाहिले. ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. पण माझ्या मते या दोघांचे मोठेपण पुन्हा मोजणी करण्यात नाही. तेच काम अधिक काळजीने करू, चांगले कारकून नेमू, हिशेब आणखी बारकाईने मांडू, असे कोणीही म्हटले असते. त्यांनी प्रश्नच बदलला. निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद सोडून दिला. शेतातून किती उरते हे शेतकऱ्याला विचारायचेच नाही. विचारायचे मातीला, आणि तेही एवढेच की तू किती हात खोल आहेस.

पुढे १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत पक्क्या नियमांत बांधलेली आहे. तिचे काम कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी शेताची मोजणी. त्यासाठी ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. आपण आज ज्या गुंठ्यात प्लॉट विकतो-घेतो तो हाच. शेताला नंबर पडला, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले गेले. मग प्रतवारी करणारा कारकून शेतात उतरे. शेताचा कच्चा नकाशा वहीत काढून त्याचे जवळपास सारखे भाग पाडी आणि प्रत्येक भागात खणून बघे. माती कोणत्या जातीची? बारीक पोताची काळी, तिच्याहून भरड आणि बहुधा तांबडी, की खडेमिश्रित फिकी बरड? आणि खाली मुरूम लागेपर्यंत ती किती हात?

पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असली तर ती सोळा आणे. दीड हात असली तर चौदा. एकच हात असली तर दहा. असे करत शेवटची, नववी प्रत दोन आण्यांची. त्यानंतर दोष बघायचे. चुनखडीचे खडे आहेत का, वाळू मिसळली आहे का, जमीन उताराची आहे का, पुराच्या पाण्याने धुपते का, पाणी मुरू देते की नाही, खालून पाण्याचे उपळ फुटतात का. प्रत्येक दोषाला एक खूण ठरलेली होती आणि प्रत्येक दोषामागे जमीन एक पायरी खाली उतरे. म्हणजे हातभर खोल काळी जमीन दहा आण्यांची. तिच्यात चुनखड निघाली की आठ आण्यांची. सगळ्या भागांची सरासरी ती त्या शेताची प्रत.

नरसिंहपुराकडची संगमाजवळची गाळाची काळी आणि वर माळावरची, चार बोटे मातीखाली मुरूम लागणारी, या दोन्ही जमिनी याच तालुक्यात आहेत. त्यांच्यातला फरक दाखवायला अर्थशास्त्राचा सिद्धान्त लागत नाही, पहार पुरते. शिवाय संशय आला तर वरिष्ठाने त्याच जागी पुन्हा खणावे. लाचलुचपत बंद झाली असे कोणी म्हणणार नाही, पण खोटे लिहिले तर ते उघडे पाडायची सोय झाली. प्रिंगलच्या आकड्याला ही सोय नव्हती.

सोळा आण्यांच्या जमिनीला रुपये किती, हा प्रश्न अजून उरलाच होता. इथेही विंगेटने शेताशेताला विचारले नाही. आख्ख्या भागाचा मागच्या वर्षांचा इतिहास काढला. लागवड किती होती, मागणी किती केली, वसूल किती झाला, सूट किती गेली, भाव काय होते? या सगळ्याचे आलेख काढले. ज्या पातळीवर लागवड वाढत होती आणि वसूलही येत होता ती पातळी पकडून दर बांधला, आणि तो ३० वर्षे हलणार नाही असे सांगून टाकले. त्या मुदतीत शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर पाडली तरी त्यावर जादा सारा नाही. वाटेल तेव्हा नंबर सोडायची मुभा. इंदापुरात सुरू झालेली ही पद्धत पुढे मुंबई इलाखाभर आणि वऱ्हाडापर्यंत गेली.

यात गोडवा फार पाहू नये. सरकारचा हेतू महसूल हाच होता. प्रश्न सुधारला म्हणून हेतू सुधारला असे नव्हे. पण ज्याला रोज दहा माणसांकडून माहिती गोळा करावी लागते, मग तो तलाठी असो, बँकेतला अधिकारी असो की कारखान्यातला सुपरवायझर, त्याने प्रिंगल आणि विंगेट यांतला फरक ध्यानात घ्यावा. प्रिंगलला जे जाणून घ्यायचे होते तेच त्याने जसेच्या तसे विचारले. विंगेटने आपल्याला हवे ते बाजूला ठेवले आणि समोरच्याला दिसू शकेल, पुन्हा तपासता येईल आणि वाकवून सांगण्यात ज्यात फारसा फायदा नाही असे काहीतरी विचारले.

हा फरक आज बघायचा तर उसाच्या हंगामाआधी या भागात फिरावे. नरसिंहपुरापासून बारामतीपर्यंत साखर कारखान्यांची रांग आहे. शहाजीनगरचा नीरा-भीमा, बिजवडीचा कर्मयोगी, भवानीनगरचा छत्रपती, मग माळेगाव, पुढे सोमेश्वर. प्रत्येकाच्या शेतकी खात्याला गाळपाआधी ऊस किती येणार याचा अंदाज हवा असतो. फडाच्या बांधावर उभे राहून चिटबॉयने विचारले, “काय अण्णा, एकरी किती बसंल?” तर उत्तर येते, “बसंल की साठ-पासष्ट.” हा आकडा अण्णांनी मनात काय धरले आहे त्यावर. तोड लवकर हवी असेल तर एक, शेजाऱ्यापुढे बोलत असतील तर दुसरा. तोच चिटबॉय मुरलेला असला तर टनाचे नावच काढत नाही. लागण कोणत्या तारखेची? आडसाली, सुरू की खोडवा? शहाऐंशी-शून्य-बत्तीस की दुसरी जात? सरी किती फुटांची? आणि मग आत शिरून सरीत दहा फूट टेप लावून गाळपालायक ऊस मोजतो. चार फुटांची सरी असेल तर असे दहा फुटांचे तुकडे एकरात १०८९ बसतात. एका तुकड्यात ४० ऊस भरले तर एकरात साडेत्रेचाळीस हजार. एका उसाचे वजन सव्वा किलोच्या आसपास धरले की टनाचा हिशेब बांधावरच होतो, अण्णांना अवघडल्यासारखेही होत नाही.

कचेऱ्यांमधला नेहमीचा प्रश्न म्हणजे “काम कुठवर आलं?” याला मराठी मुलखात एकच उत्तर आहे: “चालू आहे, साहेब.” त्याऐवजी शेवटचा कोणता कागद कोणाच्या टेबलावर कधी गेला हे विचारले की नाव आणि तारीख येते, निदान गप्प तरी बसावे लागते. “काही अडचण आहे का?” या प्रश्नालाही “नाही” हेच उत्तर सोयीचे असते. मागच्या आठवड्यात कोणते काम दोनदा करावे लागले, असे विचारून बघावे. अडचण आपोआप बाहेर येते. नवख्या माणसाला हे सगळे आडून विचारल्यासारखे वाटेल. तसे ते नाही. सांगणाऱ्याची पंचाईत होऊ नये याची ती काळजी आहे.

चांगला प्रश्नही कायम चांगला राहत नाही. इंदापूरची ३० वर्षांची मुदत १८६६-६७ मध्ये संपली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव वर गेले होते, पैसा खेळत होता, आणि नव्या आकारणीत सारा साधारण निम्म्याने वाढवला गेला. मातीची खोली पूर्वीसारखीच काळजीने बघितली गेली असेल. पण हे भाव टिकणार का, हे कोणी नीट विचारले नाही. ते टिकले नाहीत. कर्ज वाढले, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे इथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि गहाणखते, खतपत्रे जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या उठावाची सुरुवात ती. चौकशीला आयोग बसला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. सारावाढ हे त्यामागचे एकमेव कारण नव्हे, पण ते कारणांत होते, हे त्या वेळीही नाकारता आले नाही.

त्यानंतर नीरेला कालवा आला, आणि प्रश्नांची पुढची फेरी पाण्याभोवती झाली. १८७६ च्या दुष्काळानंतर उभा राहिलेला नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापुराकडे येतो. त्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले गेले, आणि त्याच्याखाली १९२७-२८ पर्यंत आणखी मोठे. सुरुवातीला पाटबंधारे खाते विचारी, कोणाला पाणी पाहिजे? अर्ज येत. कुठे ओढ्याच्या अलीकडे एकाचा एकरभर ऊस, दोन मैलांवर दुसऱ्याचा अर्धा एकर, आणि तेवढ्यासाठी चारी वर्षभर वाहती. निम्मे पाणी वाटेत मुरे, डबकी साचत, हिवताप पसरे.

पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात कार्यकारी अभियंता असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ च्या सुमारास प्रश्न उलटा केला. कोणाला पाहिजे, हे नंतर. आधी, आहे त्या पाण्यात किती एकर भिजेल आणि ते एकर कुठे असले म्हणजे कमी पाणी वाया जाईल? त्यातून ब्लॉक पद्धत आली. भिजणारी जमीन एका पट्ट्यात एकवटायची, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्यात हंगामी पिके, आणि पुढच्या सालांत हे आळीपाळीने फिरवायचे. मंजुरी एका हंगामाची नसून कित्येक वर्षांची. नीरा डाव्या कालव्यावर रुजलेला ‘ब्लॉक’ हा शब्द सात नंबरच्या पाणीअर्जाइतकाच इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसला.

पाणी आले तसे काही वर्षांत बारामतीकडच्या बागायती जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. उन्हाळ्यात वर मीठ फुटे, ऊस पिवळा पडे. सोपा प्रश्न असा, की चूक कोणाची? जास्त पाणी देणाऱ्याची, की खारे पाणी सोडणाऱ्या सरकारची? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी त्याऐवजी हे मीठ येते कुठून, हे शोधायला घेतले आणि नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची त्यांची पुस्तिका १९१० मध्ये निघाली. कालव्याचे पाणी गोडे होते. क्षार मूळचे खालच्या थरांत, काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेले. पाझराने भूजल वर चढले आणि त्याच्याबरोबर तेही चढले. पाणी उन्हात उडून गेले, मीठ राहिले. म्हणजे उपाय दंड करण्यात नव्हता, निचऱ्याचे चर काढण्यात होता. ज्या दोषासाठी विंगेटच्या कारकुनाच्या वहीत आधीच खूण होती, ते उपळ पुन्हा पुढे आले. पाटबंधाऱ्याच्या अशाच प्रश्नांसाठी मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये जो विशेष विभाग सुरू केला, तीच आजची खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था. क्षार, पाण्याचा ताण आणि मुरमाड जमीन यांवर काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था तर २००९ पासून बारामतीजवळ माळेगावलाच आहे.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या कामाचे कागद कुठे संग्रहालयात जाऊन पाहावे लागत नाहीत. सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जी रुपये-पैशांची रक्कम असते, जिच्याकडे आज कोणी ढुंकूनही बघत नाही, ती याच आणेवारीची वंशज. शेताच्या मापाचे टिपण, मातीची प्रतवारी असलेले प्रतिबुक, आणि शेवटचा आकारबंद हे भूमी अभिलेख खात्याच्या दप्तरात असतात. इंदापूर तालुक्यात ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज जरूर करावा. फक्त खिडकीवर जाऊन “आमच्या जमिनीचा जुना कागद आहे का?” असे विचारू नये, एकत्रीकरणात बदललेला गट नंबर आणि त्याच्याआधीचा सर्व्हे नंबर, दोन्ही लिहून न्यावेत आणि टिपण व आकारबंद असे नाव घेऊन मागावेत.